पुस्तक उरलं, बाईचं नाव गेलं: मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती लेखिकांची गोष्ट

१९३४ सालची गोष्ट. इंग्लंडमध्ये चेस्टरफील्डजवळ बटलर-बोडन या जुन्या कॅथलिक घराण्याचं घर होतं. पाहुणे आले होते, टेबल टेनिस रंगात आलं होतं. खेळता खेळता कुणाचा तरी पाय पडला आणि चेंडू चेपला. दुसरा चेंडू शोधायला कपाट उघडलं, तर आतून जुन्या चामडी बांधणीच्या पोथ्यांचा ढीग बाहेर आला. घरमालक कर्नल वैतागले. उद्या हा सगळा पसारा जाळून टाकतो, म्हणजे हवा तेव्हा चेंडू तरी सापडेल, असं ते म्हणाल्याची आठवण पुढे सांगितली गेली. एका पाहुण्याने त्यांना थांबवलं. जाळायच्या आधी कुणा जाणकाराला दाखवा तरी, एवढंच तो म्हणाला.

त्या ढिगातली एक पोथी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये पोचली. तिथे ती होप एमिली ॲलन या अमेरिकन अभ्यासक बाईंच्या हाती आली. मध्ययुगीन धार्मिक वाङ्मयात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पानं चाळल्यावर त्यांनी ओळखलं की हे मार्जरी केम्पचं पुस्तक आहे. इंग्रजीतलं सर्वांत जुनं आत्मचरित्र म्हणून आज ज्याचं नाव घेतात, ते हेच. बाईने सांगितलेलं, बाईबद्दलचं, आणि चारशेहून अधिक वर्षं जगाच्या नजरेआड राहिलेलं.

ही गोष्ट मला फार आवडते, पण ती अपुरी आहे. अशा गोष्टी ऐकल्या की वाटतं, बायकांचा इतिहास निव्वळ योगायोगाने हरवला आणि योगायोगानेच सापडला. तसं नाही. मध्ययुगातल्या, म्हणजे ढोबळमानाने इसवी सन ५०० ते १५०० या काळातल्या ख्रिस्ती बायका लिहीत होत्या, पोथ्या रंगवत होत्या, बिशपांशी वाद घालत होत्या. त्यांचं लिखाण बऱ्याचदा टिकलंही. तुटला तो धागा, लिखाण आणि नाव यांना जोडणारा. तो कसा तुटला आणि कुणी पुन्हा बांधला, ते सांगायचा हा प्रयत्न आहे.

आधी मार्जरी. १३७३ च्या सुमारास ती इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लिन या बंदरात जन्मली. वडील पाच वेळा गावचे महापौर झालेले, घर खातंपितं. विशीत लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणानंतर तिचं मन पार ढासळलं. ती स्वतःचे लचके तोडायची, म्हणून तिला बांधून ठेवावं लागलं. आठ महिने असे गेले. मग एके दिवशी जांभळा रेशमी झगा घातलेला येशू तिच्या खाटेच्या कडेला येऊन बसला आणि म्हणाला, मुली, मी तुला कधी सोडलं नाही, तू मला का सोडलंस? ती शुद्धीवर आली आणि पहिली गोष्ट काय केली, तर कोठीच्या किल्ल्या मागितल्या.

पण ती लगेच संत झाली नाही. तिने बिअर गाळायचा धंदा काढला. तीन-चार वर्षं चालला, मग फेस बसू लागला, पिंप वाया जाऊ लागली. मग घोड्यांवर चालणारी धान्याची गिरणी काढली, तर घोडे पुढे पाऊल टाकेनात. हे सगळं तिने स्वतः सांगितलंय. चौदा मुलं झाल्यावर तिला ब्रह्मचर्याचं व्रत घ्यायचं होतं, पण नवऱ्याच्या संमतीशिवाय ते शक्य नव्हतं. १४१३ च्या जून महिन्यात, उन्हातान्हात, यॉर्कहून परतताना दोघांचा सौदा झाला. तिच्या हातात बिअरची बाटली, त्याच्या सदऱ्यात पाव. तिने त्याची कर्जं फेडायची आणि शुक्रवारचा उपास सोडून त्याच्याबरोबर जेवायचं, त्याने तिच्या बिछान्याकडे फिरकायचं नाही. मध्ययुगातल्या एका सामान्य जोडप्याचं इतकं जिवंत बोलणं माझ्या वाचनात दुसरीकडे कुठे आलेलं नाही.

पुढे ती जेरुसलेमला गेली, रोमला गेली, स्पेनमधल्या सांतियागोला गेली. येशूच्या यातना आठवल्या की ती मोठमोठ्याने रडायची, अगदी चर्चमध्ये प्रवचन चालू असतानाही. लोक कंटाळायचे, सहप्रवासी तिला वाटेत टाकून पुढे जायचे. १४१७ मध्ये यॉर्कच्या आर्चबिशपसमोर तिची चौकशी झाली. एका पाद्र्याने मोठं पुस्तक आणून संत पौलाचं वचन काढलं: बाईने उपदेश करू नये. मार्जरीचं उत्तर असं होतं की मी उपदेश करत नाही, मी व्यासपीठावर चढत नाही, मी फक्त बोलते आणि चांगले शब्द वापरते. आर्चबिशपने एका माणसाच्या हातावर पाच शिलिंग टेकवले आणि हिला लवकर माझ्या मुलखाबाहेर ने म्हणून सांगितलं.

संत पौलाचं हे वचन नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्याभोवती फिरतं. बायबलमधल्या नव्या करारात तीमथ्याला लिहिलेलं एक पत्र आहे. स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, शांत राहावं, असं त्यात म्हटलंय. मध्ययुगीन चर्चने याचा अर्थ असा लावला की धर्माबद्दल अधिकारवाणीने बोलायचा हक्क बाईला नाही. बाई पाद्री होऊ शकत नव्हती. बाराव्या-तेराव्या शतकात पॅरिस, ऑक्सफर्ड अशी विद्यापीठं उभी राहिली, तीही फक्त पुरुषांसाठी. विद्येची भाषा लॅटिन, आणि लॅटिनचं शिक्षण आता त्या विद्यापीठांच्या भिंतींआड गेलं.

काळ जसा पुढे सरकतो तशी बायकांची स्थिती सुधारतच जाते, असं आपण गृहीत धरतो. इथे निदान एका बाबतीत उलट घडलं. दहाव्या शतकात जर्मनीतल्या सॅक्सनी भागातल्या गांडर्सहाइमच्या मठात ह्रोत्सविथा नावाची बाई टेरेन्स या रोमन नाटककाराचा कित्ता गिरवत लॅटिनमध्ये सहा नाटकं लिहीत होती आणि स्वतःला ‘गांडर्सहाइमचा बुलंद आवाज’ म्हणवून घेत होती. तेव्हा मठ हीच शाळा होती आणि सरदारघराण्यातल्या मुलींना तिथे लॅटिन मिळत होतं. विद्या मठातून विद्यापीठात गेली आणि ते दार मिटलं.

एक खिडकी मात्र उघडी होती. बाईने स्वतःच्या बुद्धीने बोलू नये, पण देवच तिच्या तोंडून बोलला तर? दृष्टांत होणाऱ्या बाईचं चर्च ऐकून घेई, अर्थात चौकशी करून. म्हणून या काळातल्या बहुतेक लेखिका पहिल्याच पानावर सांगतात की मी अडाणी बाई आहे, माझं यात काहीच नाही. हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन (१०९८ ते ११७९) या जर्मन ननने धर्मशास्त्रावर लिहिलं, औषधांवर लिहिलं, गाणी रचली, स्वतःचा मठ उभारला, आणि स्वतःला म्हणवून घेतलं देवाच्या श्वासावर तरंगणारं पीस. हे तिला मनापासूनही वाटत असेल. पण तसं म्हटल्याशिवाय तिला लिहिता आलंच नसतं, हेही खरं. आणि या नम्रतेची किंमत पुढे मोजावी लागली. मी काहीच केलं नाही असं बाई स्वतःच म्हणते, मग ते खरं धरायला पुढच्यांना कितीसा वेळ लागणार?

इंग्लंडमधल्या नॉरिचच्या ज्युलियनच्या बाबतीत तर ही घासाघीस डोळ्यांसमोर घडताना दिसते. १३७३ च्या मे महिन्यात, वयाच्या तिसाव्या वर्षी, ती मरणाच्या दारात असताना तिला येशूचे दृष्टांत झाले. ते तिने दोनदा लिहिले. आधी थोडक्यात, आणि मग वीसेक वर्षं त्यांवर चिंतन करून सविस्तर. थोडक्यातल्या पाठात ती म्हणते की मी बाई आहे, अडाणी, दुबळी; पण मी बाई आहे म्हणून देवाच्या चांगुलपणाबद्दल तुम्हाला सांगूच नये, असं मी का मानावं? सविस्तर पाठात हे वाक्य नाही. तिने ते काढलं. भीतीने काढलं, की आता त्याची गरज उरली नाही असं वाटून, यावर अभ्यासक वाद घालतात. मला दुसरं पटतं. कारण त्या मोठ्या पाठात ती येशूला आई म्हणते, आणि पानंच्या पानं म्हणते. घाबरलेली बाई एवढं धाडस करत नाही.

ज्युलियन हे तिचं नाव होतं की नाही, तेही नक्की नाही. ती अँकरेस होती. म्हणजे चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत आयुष्यभरासाठी स्वतःला कोंडून घेतलेली व्रतस्थ बाई. आत जाताना कधी कधी तिच्यासाठी मृतांची प्रार्थना म्हटली जाई. एका खिडकीतून चर्चमधली पूजा दिसे, दुसरीतून मोलकरीण जेवण देई, तिसरीतून लोक सल्ला विचारायला येत. ते चर्च संत ज्युलियनचं, म्हणून हीसुद्धा ज्युलियन, असं बरेच अभ्यासक धरून चालतात. बाईचं नाव पुसून इमारतीचं नाव तिला चिकटलं असण्याची शक्यता आहे. इंग्रजीत बाईने लिहिलेलं, आपल्याला माहीत असलेलं सर्वांत जुनं पुस्तक तिचं आहे.

१४१३ च्या सुमारास मार्जरी केम्प या खिडकीशी आली होती. माझे दृष्टांत खरे की खोटे, हे विचारायला. दोघी कित्येक दिवस बोलत राहिल्या आणि ज्युलियनने तिला धीर दिला. या भेटीची हकीगत मार्जरीच्या पुस्तकात आहे, म्हणजे १९३४ पर्यंत ती कुणालाच ठाऊक नव्हती. मार्जरीचं नाव त्याआधी अगदीच अज्ञात नव्हतं. १५०१ मध्ये लंडनच्या एका छापखान्याने तिच्या पुस्तकातले वेचे काढून काही पानांची पुस्तिका छापली होती. त्यात येशूची वचनं ठेवली आणि बिअर, गिरणी, भांडणं, प्रवास, रडणं, सगळं गाळलं. १५२१ मध्ये दुसऱ्या छापणाऱ्याने तिला ‘भाविक अँकरेस’ करून टाकलं. अर्ध्या युरोपभर पायपीट केलेली बाई चार भिंतींत बसवली. नाव राहिलं, पण बाई गेली.

आता ज्या बाईचं याच्या नेमकं उलट झालं तिच्याकडे येतो. ही गोष्ट मला सगळ्यांत अस्वस्थ करते.

आपल्याकडे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली त्याच दशकात, म्हणजे १२९० नंतरच्या दहा वर्षांत, उत्तर फ्रान्स आणि फ्लँडर्सच्या सीमेवर मार्गरीत पोरेत नावाची बाई फ्रेंचमध्ये एक पुस्तक लिहीत होती. लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या बोलीत. ती बेगीन होती असं त्या वेळच्या कागदपत्रांवरून दिसतं. बेगीन म्हणजे नन नव्हे. या बायका एकत्र किंवा एकेकट्या राहात, प्रार्थना करत, सूत कातून, विणून, आजाऱ्यांची शुश्रूषा करून पोट भरत. आजन्म व्रत घेत नसत, स्वतःची मालमत्ता ठेवत, वाटलं तर बाहेर पडून लग्नही करू शकत. नवऱ्याच्या ताब्यात नाही आणि मठाच्याही नाही, अशी बाई चर्चला कुठल्या खान्यात घालावी ते कळत नव्हतं. बेल्जियममध्ये त्यांच्या वस्त्या आजही उभ्या आहेत. त्यांतल्या तेरा १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या, आणि शेवटची बेगीन २०१३ मध्ये वारली.

मार्गरीतच्या पुस्तकाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘साध्या आत्म्यांचा आरसा’. तो संवाद आहे. प्रेम बोलतं, आत्मा बोलतो, आणि बुद्धी मध्ये मध्ये शंका काढते. प्रेमात आत्मा इतका विरघळतो की ‘मी’ म्हणायला काही शिल्लकच राहात नाही. त्याला स्वतःची इच्छा उरत नाही, देवाची इच्छा तीच त्याची. बिचाऱ्या बुद्धीला हे झेपत नाही आणि पुस्तकाच्या मध्यावर ती चक्क प्राण सोडते. अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला शून्य होण्याची ही भाषा फार परकी वाटणार नाही. तेव्हाच्या धर्माधिकाऱ्यांना मात्र त्यात वेगळंच ऐकू आलं. असा आत्मा सद्गुणांचा निरोप घेतो, असं तिने लिहिलं होतं. म्हणजे ही बाई सांगते की वाटेल ते करा! खरं तर पुढेच तिने खुलासा केलाय की सद्गुण अशा आत्म्याला सोडून जात नाहीत, फक्त आत्मा त्यांचा गुलाम राहात नाही. पण तो खुलासा खटल्याच्या कागदावर आला नाही.

काम्ब्रेच्या बिशपने तिचं पुस्तक व्हालाँसिएन गावात तिच्या देखत जाळलं आणि पुन्हा ते पसरवलंस तर खबरदार, असं बजावलं. तिने पुन्हा ते लोकांना दिलं. तिने एक शहाणपणही केलं होतं. तीन विद्वान पुरुषांना पुस्तक दाखवून त्यांचं अनुकूल मत मिळवलं होतं. त्यातला एक, गॉडफ्री ऑफ फाँतेन, हा पॅरिस विद्यापीठातला नावाजलेला धर्मशास्त्री. त्याचाही उपयोग झाला नाही. १३०८ मध्ये तिला पॅरिसला नेऊन इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधून काढणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, ताब्यात दिलं. हा शब्द आपल्याला गोव्यामुळे ठाऊक आहे. गोव्याचं इन्क्विझिशन पोर्तुगीजांचं, १५६० चं. पॅरिसचं हे त्याच्या अडीचशे वर्षं आधीचं. चौकशी अधिकारी होता डॉमिनिकन संघाचा ग्योम, जो फ्रान्सच्या राजाचा पापनिवेदन ऐकणारा पाद्रीही होता. टेम्पलर या लढवय्या संघाच्या लोकांना पकडण्यात आणि छळण्यात जो पुढे होता, तोच हा.

मार्गरीतने चौकशीसाठी लागणारी शपथ घ्यायलाच नकार दिला. जवळजवळ दीड वर्ष ती कैदेत होती आणि एका प्रश्नाचंही उत्तर तिने दिलं नाही. पौलाच्या पत्राने बाईला शांत राहायला सांगितलं होतं. ती शांत राहिली आणि तेच तिच्याविरुद्ध गेलं. तिच्या पुस्तकातली सुटी वाक्यं काढून २१ धर्मशास्त्र्यांपुढे ठेवली आणि त्यांनी ती पाखंड ठरवली. १ जून १३१० ला पॅरिसच्या प्लास द ग्रेव्ह या चौकात तिला जिवंत जाळलं. तिच्यावर मुळीच माया नसलेल्या त्या काळच्या एका बखरकारानेसुद्धा लिहून ठेवलंय की तिचं वागणं पाहून जमलेल्या पुष्कळ लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुस्तकाच्या सगळ्या प्रती जमा करायचा हुकूम निघाला. पाठोपाठ १३११-१२ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या व्हिएन गावी भरलेल्या धर्मसभेने बेगीनांविरुद्ध ठराव केले आणि त्यातली काही कलमं थेट तिच्या पुस्तकातून उचललेली दिसतात.

बाई संपली. पुस्तक संपलं नाही. कुणी तरी प्रती लपवल्या, कुणी तरी त्यांच्यावरून नकला केल्या. लॅटिनमध्ये, इटालियनमध्ये, इंग्रजीत भाषांतरं झाली. फक्त एक गोष्ट करावी लागली. तिचं नाव काढावं लागलं. इंग्रजी भाषांतरकाराने आपली ओळख म्हणून नुसती दोन आद्याक्षरं ठेवली आणि लोकांनी गैरसमज करून घेऊ नये म्हणून जागोजागी टिपा जोडल्या. मूळ लेखक कुणी थोर धर्मात्मा असावा, असं तो धरून चालला होता. इटलीत काही पोथ्यांवर हंगेरीच्या राजकन्येचं, संत मार्गारेटचं नाव लागलं. साधू वाचत होते, नन वाचत होत्या, आणि आपण एका जाळलेल्या बाईचं पुस्तक वाचतोय हे कुणालाच माहीत नव्हतं.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पंधराव्या शतकातली एक पोथी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका खासगी संग्रहाचा लिलाव झाला, त्यातून ती तिथे आली. ज्युलियनच्या त्या थोडक्यातल्या पाठाची जगातली एकमेव प्रत या पोथीत आहे. सुरुवातीलाच लेखनिकाने सांगितलंय की हा दृष्टांत एका भाविक बाईला झाला, तिचं नाव ज्युलियन, ती नॉरिचला राहते आणि १४१३ साली अजून हयात आहे. आणि त्याच बांधणीत, त्याच दोन पुठ्ठ्यांमध्ये, मार्गरीतचा ‘आरसा’ही आहे. त्यावर नाव नाही. दोघी शेजारी शेजारी, एकीला नाव, दुसरीला नाही. दोन पुठ्ठ्यांमधलं हे अंतर म्हणजे या सगळ्या विषयाचं सार, असं मला वाटत आलंय.

१९२७ मध्ये इंग्लंडमध्ये ‘आरशा’चं आधुनिक इंग्रजीतलं पुस्तक निघालं. लेखक अज्ञात, आणि वर कॅथलिक चर्चची छापायला हरकत नसल्याची अधिकृत मोहोर. ज्या पुस्तकासाठी चर्चने लेखिकेला जाळलं होतं, तेच पुस्तक चर्चने सहा शतकांनी बिनधोक ठरवलं, कारण नाव नव्हतं. पुस्तकात दोष होता की बाईत, याचं याहून सरळ उत्तर मला तरी माहीत नाही.

मग रोमाना ग्वार्निएरी या इटालियन अभ्यासक बाई आल्या. ‘आरशा’च्या लॅटिन पोथ्या व्हॅटिकनच्या ग्रंथालयात होत्या, आणि मार्गरीतच्या खटल्याची कागदपत्रं छापून कधीच उपलब्ध झाली होती. त्या कागदांत पाखंड ठरवलेली वाक्यं शब्दशः दिलेली. ग्वार्निएरींनी दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिलं. वाक्यं जुळली. १६ जून १९४६ ला व्हॅटिकनच्या ‘लोसेरव्हातोरे रोमानो’ या दैनिकात त्यांनी जाहीर केलं की या पुस्तकाची लेखिका मार्गरीत पोरेत आहे. तिला जाळल्याला ६३६ वर्षं झाली होती. तिला मारण्यासाठी लिहिलेल्या कागदांनीच तिचं पुस्तक तिला परत मिळवून दिलं.

काहींच्या बाबतीत नाव टिकलं, पण लोकांचा विश्वास बसेना. ह्रोत्सविथाची पोथी १४९३ च्या सुमारास कोनराड सेल्टिस या जर्मन विद्वानाला रेगेन्सबुर्गच्या मठात मिळाली आणि १५०१ मध्ये त्याने ती छापली. १८६७ मध्ये एका इतिहासकाराने दावा केला की हे सगळं सेल्टिस आणि त्याच्या मित्रांनी रचलेलं कुभांड आहे, दहाव्या शतकातली नन असं लॅटिन लिहूच शकत नाही. पुढे १९२२ मध्ये कोलोनला तिच्या चार नाटकांची सेल्टिसच्या कितीतरी आधीची पोथी मिळाली आणि उरलीसुरली शंका मिटली. हिल्डेगार्डबद्दलही एकोणिसाव्या शतकात हेच म्हटलं गेलं, की तिच्या नावावरचं लिखाण तिचं नाही. ते तिचंच आहे हे जुन्या पोथ्यांची अक्षरं, शाई, पानं तपासून १९५६ मध्ये पक्कं सिद्ध केलं दोन अभ्यासक नन्सनी. दोघी आइबिंगेनच्या मठातल्या, हिल्डेगार्डचाच वारसा सांगणाऱ्या. २०१२ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी हिल्डेगार्डला चर्चच्या आचार्यांत बसवलं. तोवर हा मान मिळालेल्या ३५ जणांतली ती चौथी बाई.

आइबिंगेनच्या नन्सचं आणखी एक ऋण आहे. हिल्डेगार्डच्या दृष्टांतांची तिच्या काळात रंगवलेली एक अप्रतिम सचित्र पोथी होती. १९२७ ते १९३३ या काळात या नन्सनी तिची हुबेहूब नक्कल हाताने केली, चित्रं आणि रंगांसकट. दुसऱ्या महायुद्धात मूळ पोथी सुरक्षित राहावी म्हणून ड्रेस्डेनला नेली आणि १९४५ पासून तिचा पत्ता नाही. त्या चित्रांचे रंग आज आपण पाहतो ते त्या नन्सच्या कुंचल्यातून.

म्हणून ‘शोध लागला’ हा शब्द मला खटकतो. कुणाला लागला? ज्युलियनचंच पाहा. सोळाव्या शतकात इंग्लंड प्रॉटेस्टंट झालं, मठ मोडले. पुढे कॅथलिक इंग्रज घरांतल्या मुली समुद्र ओलांडून पलीकडे गेल्या आणि १६२३ मध्ये काम्ब्रेला त्यांनी बेनेडिक्टिन मठ काढला. ज्युलियनचा सविस्तर पाठ आपल्यापर्यंत पोचला तो बराचसा या परागंदा नन्सच्या आणि त्यांच्या पॅरिसमधल्या शाखेच्या वर्तुळातून. त्यांनी तो उतरवून घेतला, त्यावर ध्यान केलं, आणि १६७० मध्ये त्यांच्याशी संबंध असलेल्या एका साधूने तो छापला. फ्रेंच राज्यक्रांतीत त्यांना कैद झाली, चौघी कैदेतच वारल्या, उरलेल्या १७९५ मध्ये नेसत्या कपड्यांनिशी इंग्लंडला परतल्या. १९०१ मध्ये ग्रेस वॉरॅक नावाच्या बाईंनी ब्रिटिश म्युझियममधल्या पोथीवरून ज्युलियनचं पुस्तक सामान्य वाचकांसाठी काढलं आणि ज्युलियन ‘सापडली’. त्या नन्ससाठी ती हरवलीच नव्हती. शिवाय हे काम्ब्रे म्हणजे तेच, जिथल्या बिशपने मार्गरीतचं पुस्तक जाळलं होतं.

आतापर्यंत लेखिकांबद्दल बोललो. पण पुस्तक म्हणजे नुसती लेखिका नव्हे. छापखाना येण्याआधी प्रत्येक प्रत हाताने उतरावी लागे, आणि हे काम मठांतल्या बायकाही करत. जुन्या मराठी पोथ्यांप्रमाणेच तिकडेही शेवटी पुष्पिका असे: कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी. बाराव्या शतकातल्या गुडा नावाच्या जर्मन बाईने एका सुशोभित आद्याक्षरात स्वतःचं चित्रच काढलं आणि भोवती लिहिलं की गुडा या पापी बाईने हे पुस्तक लिहिलं आणि रंगवलं. पापी म्हणवून घेतलं, पण नाव घातलं! नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये अशा २३,७७४ पुष्पिका तपासून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाईने लिहिल्याचं निर्विवाद दिसतं अशा २५४ निघाल्या, जेमतेम एक टक्का. पण बहुसंख्य पोथ्यांवर कुणाचंच नाव नसतं. नाव नसलं की आपण डोळ्यांपुढे दाढीवाला साधू आणतो, ही आपली सवय. पोथीने तसं काहीच सांगितलेलं नसतं.

ही सवय मोडणारा पुरावा एका दाताने दिला. जर्मनीत वेस्टफालिया भागात डाल्हाइम नावाचं ठिकाण आहे. तिथे बायकांचा एक लहानसा मठ होता. चौदाव्या शतकात तो जळाला, त्याची पुस्तकं उरली नाहीत, तिथे राहिलेल्या बायकांबद्दल लिहिलेलं जवळजवळ काहीच नाही. त्याच्या दफनभूमीतल्या एका सांगाड्याच्या दातांवरचं किटण संशोधक तपासत होते. मध्ययुगातली माणसं काय खात होती, एवढंच त्यांना पाहायचं होतं. किटण सौम्य आम्लात विरघळलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळे कण चमकले. शंभराहून अधिक. तपासणीत ते लाजवर्दी दगडाचे निघाले.

त्या काळी युरोपात हा दगड फक्त अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेली त्याची पूड सोन्याच्या बरोबरीने तोलली जाई, आणि मरियामातेच्या झग्याला, नामांकित पोथ्यांना तेवढी वापरली जाई. अशा रंगाचं काम कच्च्या हातात कुणी देत नसे. मग तो या बाईच्या तोंडात कसा गेला? औषध म्हणून खाल्ला असेल, चित्रांची चुंबनं घेताना लागला असेल, असे पर्याय संशोधकांनी तपासले. ती कार्यशाळेत झाडलोट करणारी असेल, असंही कुणी तरी त्यांना सुचवलं होतं. सगळ्यात पटणारं उत्तर साधं आहे. चित्रकार बारीक रेघ ओढण्याआधी कुंचल्याचं टोक ओठांत धरून जुळवतो. ती ते करत होती, वर्षानुवर्षं, म्हणून कण एकाच थरात नाही तर निरनिराळ्या ठिकाणी साचलेले मिळाले.

हे संशोधन जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. ती बाई ४५ ते ६० वर्षांची होती आणि अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपास वारली. तिने रंगवलेलं एकही पान आपल्याकडे नाही. तिचं नाव नाही. उत्खननाच्या नोंदीत ती बी ७८ आहे.